काट्यावरची रताळी

माझ्या दादाला कौतुकाची हाव आहे असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. दादाला कौतुक नको असतं, त्याला फक्त बरोबर असायचं असतं, आणि हे फार वाईट. कौतुकाचा भुकेला माणूस दोन गोड शब्दांत गार होतो. दादा मात्र समोरचा ‘हो बाबा, माझंच चुकलं’ म्हणेपर्यंत जागचा हलत नाही. लहानपणापासून मी हे कितीतरी वेळा म्हटलंय. बरेचदा चूक नसतानाही म्हटलंय, कारण चुलीवरचं दूध उतू जात असायचं.

दादा काटेवाला. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दांडी झिजली, पारडं एका अंगाला झुकायला लागलं, स्प्रिंग सैल झाली, की लोक म्हणायचे, काटेवाल्याला बोलवा. पुढे बाजाराच्या मंडळाने काटे तपासून शिक्का मारायचं कामही त्याच्याकडेच दिलं. तो दुकानात शिरला की दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहायचे. त्याने कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. ‘चहा घेतला की काटा झुकतो,’ असं म्हणायचा, आणि हे वाक्य तो घरी येऊन आम्हालाही ऐकवायचा, आम्ही जणू मापात पाप करायला बसलो होतो.

मग आकडे दाखवणारे विजेचे काटे आले. ते बिघडले की लोक फेकून देतात आणि नवे आणतात. दादाचं बोलावणं कमी होत होत बंद झालं. त्याच सुमाराला वहिनी गेल्या. मी माझं शिलाई मशीन उचललं आणि मागच्या गल्लीतून त्याच्याकडे राहायला आले, कारण हा माणूस अख्ख्या बाजाराला शिस्त लावत होता पण याला स्वतःचा चहा करता येत नव्हता. सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, वर गच्ची, खाली तळमजल्यावर किराणा दुकान. बाकी शेजारीपाजारी.

एक गोदाम बंद पडलं तेव्हा तिथला जमिनीवर ठेवायचा मोठा लोखंडी काटा त्यांनी दादाला देऊन टाकला. पोती तोलायचा असतो ना, तसला, वर पाट आणि मागे उभी दांडी. चौघांनी तो जिन्यातून वर चढवला तेव्हा भिंतीचे पोपडे निघाले आणि माझा जीव वर-खाली झाला. गच्चीत पत्र्याच्या आडोशाखाली तो बसवला. मग काय, दिसेल ते तोलायचं. गॅसची टाकी, रद्दी, धुण्याची ओली बादली. एकदा गोडीगुलाबीने मला उभं केलंन आणि माझा आकडा जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगितला. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला वाटलं, माझा घसा बसलाय.

तर रताळी.

ओट्याखालच्या टोपलीत एक रताळं राहून गेलं होतं. त्याला जांभळट कोंब फुटले. मी ते टाकणार, तेवढ्यात दादाने माझ्या हातातून घेतलं, पेल्यात पाणी भरून अर्धं बुडवून ठेवलं आणि पेला माझ्या मशीनशेजारच्या खिडकीत मांडला. कोंबांचे हातभर वेल झाले. ते त्याने अलगद मोडून घेतले, निळं पिंप मधोमध कापून त्याचा टब केला, त्यात माती आणि खत कालवलं, आणि वेल रोवले. इथवर ठीक होतं. कुणीही करतं. घराघरात डब्यांत, बादल्यांत, फाटक्या गोणींत काही ना काही लावलेलं असतंच.

पण दादाने तो टब ठेवला काट्यावर.

‘इथे का रे?’ मी विचारलं.

‘जमिनीतलं दिसत नाही,’ तो म्हणाला. ‘लोक अंदाजाने उकरतात. कच्चं निघतं नाही तर किडकं निघतं. मी अंदाज करणारच नाही. टबाचं वजन माहीत आहे, मातीचं माहीत आहे. वर जे वाढेल ते रताळ्याचं.’

‘आणि पाणी?’

‘पाणी वेल पिऊन टाकतो. रोज तेवढंच घालतो ना मी, मापाने.’

मला काही ते पटलं नाही, पण दादाशी वजनावरून वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. डोकं आपलंच फुटतं.

आता खरी गंमत ऐका. टबाच्या बुडाला त्याने भोकं पाडली होती, कुंडीला असतात तशी. पाणी घातलं की त्यातून थेंब थेंब गळायचं, काट्याच्या पाटावर सांडायचं, आणि दांडी काही केल्या स्थिर व्हायची नाही. वर लोखंडाला गंज. दादा दोन दिवस कपाळाला आठ्या घालून बसला. तिसऱ्या दिवशी पाहते तर टब आडवा करून भोकांना रबरी बुचं ठोकतोय.

‘अरे, कुंडीला भोक असतं ते काय शोभेला?’ मी म्हणाले. ‘मुळं कुजतील.’

‘गळतंय तोवर काटा खरं बोलत नाही,’ तो म्हणाला. ‘तुला शिवणातलं कळतं ना, तू शिवणातलं बघ.’

मी शिवणातलं बघायला गेले. म्हटलं, मरू दे.

वेल मात्र असा माजला की विचारू नका. खत भरपूर, पाणी भरपूर. टबाबाहेर ओसंडला, काट्याच्या दांडीला गुंडाळला, कठड्यावर चढला. येणारे-जाणारे बघायचे. आणि काटा रोज थोडा थोडा चढत होता. दादा सकाळी काट्यापाशी वाकून उभा राहायचा, वेलाचं म्हणून काहीतरी वजा करायचा आणि जिन्यात भेटेल त्याला सांगायचा, ‘आज दोन किलो झालं.’ ‘आज साडेतीन.’ दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तोंडात बोट घालायच्या. ‘न उकरता कसं कळतं हो तुम्हाला?’ हे विचारलं की दादाची छाती फुगायची. कितीतरी वर्षांनी त्याला कुणी वजनातलं विचारत होतं. मला त्याच्याकडे बघून बरंही वाटायचं आणि ती बुचंही आठवायची.

शेवटी त्याने जाहीर केलं. साडेसहा किलो. नुसतं जाहीर करून थांबला असता तर तो दादा कसला! प्रत्येकाचा वाटाही आधीच ठरवून टाकला. मास्तरीणबाईंना एक किलो, वायरमनला एक, जिन्यापासून तिसऱ्या दारातल्या आजींना मऊ बघून अर्धा. वायरमन म्हणजे समोरच्या खोलीतला, सतत दात काढणारा. तो म्हणाला, ‘काटेवाले, स्वतःचा काटा, स्वतःचंच माप. कशावरून खरं?’

दादाचा चेहरा लाल झाला. ‘कुणाच्याही काट्यावर घाल,’ तो म्हणाला. ‘खालच्या गुळ्याच्या काट्यावर घाल हवं तर. एक ग्रॅम इकडचा तिकडे निघाला तर माझं नाव काटेवाला नाही.’

सगळे हसले. कारण गुळ्या म्हटलं की हसायचंच, असा आमच्याकडे रिवाजच पडून गेला होता.

गुळ्या म्हणजे तळमजल्यावरचा किराणा दुकानदार. फार वर्षांपूर्वी दादा त्याचा काटा तपासायला गेला होता. संध्याकाळची वेळ, दुकानात माणसांची रीघ. दादाने मालाचं पारडं उचललं तर खालून वाळलेल्या गुळाचा गोळा चिकटलेला. दुकानदार म्हणायला लागला, ‘अहो, सांडला असेल, माझ्या ध्यानात नाही आलं...’ दादाने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पारडं उलटं करून डोक्यावर धरलं आणि गिऱ्हाइकांना म्हणाला, ‘बघा! हे तुमच्या ताटातलं खातंय!’ घरी येऊन आम्हाला ते पुन्हा करून दाखवलं, परात डोक्यावर धरून. आम्ही हसलो. मीही हसले. त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव गुळ्या पडलं. वर्षभर त्याच्या दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं. पुढे लोक आले, लोकांना तेल-साखर लागतेच, पण नाव काही गेलं नाही. त्याच्या तोंडावर शेठ म्हणायचं आणि पाठ फिरली की गुळ्या. दादा आणि तो त्यानंतर एकमेकांशी कधी बोलले नाहीत. मीच सामान आणायची.

वेलाची खालची पानं पिवळी पडायला लागली. दादा म्हणाला, तयार झाली, रविवारी काढू. सगळ्यांना आमंत्रण गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. दादा टबाशी गुडघे टेकून बसला होता. हात कोपरापर्यंत मातीत. माती कसली, नुसता रबरबीत चिखल, आंबूस वास येत होता. तो एका बाजूने चाचपत होता, मग दुसऱ्या बाजूने. हात बाहेर काढला तर मुठीत तपकिरी दोऱ्यांसारखी मुळं, त्यांतली निम्मी कुजलेली. त्याने ती बाजूला ठेवली आणि पुन्हा हात घातला. त्याचे खांदे असे आत ओढले गेले होते की मला एकदम वहिनी गेल्या तो दिवस आठवला. मी कपडे न काढताच खाली आले. काय बोलणार होते? ‘मी सांगितलं होतं’? ते तर तो स्वतःलाच सांगत असणार.

रात्रीचं जेवण त्याने चिवडलं. मी म्हटलं, ‘दादा, रविवारचं राहू दे का? पाहुणे यायचेत म्हणून सांगते सगळ्यांना.’

‘कशाला?’ तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी तो पिशवी घेऊन बाहेर पडला. आमच्या बाजारात नाही गेला, लांबच्या बाजारात गेला असणार, कारण परतायला उन्हं डोक्यावर आली. पिशवी खांद्यावर, वर टॉवेल टाकलेला. जिन्यात आजी भेटल्या तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणे पायात गोळा आलाय. दुपारी सगळी इमारत पेंगत असताना वर पत्र्याखाली फावड्याचा आवाज येत होता. मी मशीन जोरात चालवत बसले, त्या आवाजाला आवाज लावून. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची पारडी उलटी करून पाहिली, तो भरदुपारी चोरासारखा चिखलात रताळी पुरत होता, आणि खाली बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जाऊन त्याचा हात धरावा असं वाटत होतं. पण हात धरला म्हणजे मी पाहिलं हे त्याला कळणार. ते त्याला सोसलं नसतं. मी टाके घालत राहिले. ती बाही नंतर मला सगळी उसवावी लागली.

रविवारी गच्ची भरली. मास्तरीणबाई, आजी, पोरंसोरं. दादाने धुतलेला सदरा घातला होता. तो वेल कापायला वाकला तेवढ्यात जिन्यातून वायरमनचा आवाज आला, ‘थांबा, थांबा! पंच आलेत!’

वायरमन खरोखरच खालच्या दुकानदाराला घेऊन आला होता. दुकानदाराच्या काखेत त्याचा विजेचा काटा. ‘काटेवाल्यांनीच सांगितलं होतं ना, गु... शेठच्या काट्यावर घाला!’

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. पण बोलून तर तोच बसला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, की असं होतं. दुकानदार कुणाकडे न बघता कट्ट्यापाशी गेला, काटा ठेवला, पुसला, आणि बाजूला उभा राहिला.

दादाने उकरलं. एक रताळं निघालं, चिखलाने माखलेलं. पोरांनी आरोळी ठोकली. दुसरं, तिसरं. जाडजूड, एकसारखी. प्रत्येकाला पोरं पाण्यात बुचकळत होती आणि काट्यावर ठेवत होती. शेवटचं ठेवलं आणि आकडा थांबला. साडेसहा किलो. बरोबर साडेसहा. अर्थात! दादाने रताळी विकत आणली तीसुद्धा मापात बरोबर आणली होती. ती सवय त्याला चोरी करतानाही सुटली नव्हती.

काय तो टाळ्यांचा गजर! मास्तरीणबाई म्हणाल्या, अंगावर काटा आला. वायरमनने कान पकडले. दादा मातीत हात घालून तसाच बसून राहिला होता, वर बघत नव्हता.

तेवढ्यात दुकानदाराने ढिगातलं एक रताळं उचललं. जन्म पोत्यांत गेलेला माणूस, हातात घेतल्याशिवाय त्याला राहवेना. उलटसुलट पाहिलं आणि अंगठ्याने त्याचं शेपूट कट्कन मोडलं. ताजं रताळं मोडलं ना, की तिथून पांढरा चीक येतो. बोटांना चिकटतो, सहजी जात नाही. भाजी चिरणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. या रताळ्यातून काही आलं नाही. कोरडं ठणठणीत. जमिनीतून निघून आठवडे झाले असतील त्याला.

दुकानदाराने मोडलेला तुकडा पाहिला. मग दादाकडे पाहिलं. दादाही त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, झालं. आता हा ते रताळं डोक्यावर धरणार. एवढी वर्षं वाट बघितली असेल त्याने, आणि देवाने आयतं हातात आणून दिलंय.

‘काय शेठ?’ वायरमनने विचारलं. ‘बरोबर ना?’

‘वजन बरोबर आहे,’ दुकानदार म्हणाला.

त्याने रताळं परत ढिगात ठेवलं, मोडकी बाजू खाली करून. मग काट्याची वायर गुंडाळली आणि जिना उतरून गेला.

दादाने वाटे घातले. आपल्या वाट्याची मी उकडली, तर त्याने ताट सरकवलं. म्हणाला, भूक नाही. नंतरचे कितीतरी दिवस त्याला भूक नव्हती. सकाळी गच्चीवर जाणं बंद. खाली जायचं तर दुकानासमोरून जावं लागतं म्हणून खालीही जाणं बंद. दाढी वाढवून बसून राहायचा. मी एकदा न राहवून म्हणाले, ‘दादा, तो काही बोलला नाही ना? मग झालं.’

म्हणजे मलाही ठाऊक आहे हे त्याला तेव्हा कळलं. त्याची मान आणखी खाली गेली.

‘बोलला असता तर बरं झालं असतं,’ तो म्हणाला. ‘शिव्या दिल्या असत्या, तर मीही चार दिल्या असत्या. आता काय करू मी? ते शेपूट खाली करून ठेवलं त्याने. बघितलंस तू? खाली करून.’

मी म्हटलं, चहा घे. तो घेतला नाही.

हे असंच विरून गेलं असतं कदाचित. गोष्टी विरतात. पण दादाची कीर्ती इमारतभर पसरली होती. आजींच्या नातसुनेने दोन बादल्यांत रताळी लावली. मास्तरीणबाईंनी शाळेच्या आवारात डबे मांडले, पोरांना घेऊन. वायरमनने तर पिंपच कापलं. आणि सगळे विचारत होते, काटेवाल्यांसारखी बुचं कुठे मिळतात? दारावर येऊन विचारायचे. मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘पोरांना मी सांगितलंय, पाण्याचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही खरी युक्ती. एकदा येऊन दाखवाल का?’ दादा दाराआड उभा होता. त्याने आतूनच सांगितलं, बरं नाही म्हणून.

त्या गेल्या. मग त्याने तोंड धुतलं, चपला घातल्या.

‘कुठे?’ मी विचारलं.

‘खाली.’

मी मशीनवरून उठले आणि मागोमाग गेले. कपडा सुईखाली तसाच राहिला.

संध्याकाळची वेळ, दुकानात माणसं होती. वायरमन होता, मास्तरीणबाई जाता जाता साखर घ्यायला थांबल्या होत्या, आणखीही चार-पाच जण. काउंटरवर बरणीत रबरी बुचं भरून ठेवलेली. मागणी होती, त्याने आणून ठेवली, त्याचा धंदा आहे. दादा त्या बरणीकडे बघत उभा राहिला. मग मोठ्याने म्हणाला, ‘ही बुचं कुणी घेऊ नका.’

सगळे वळले.

‘भोकं बुजवली की काही येत नाही,’ दादा म्हणाला. ‘मुळं कुजतात. वजन वाढतं ते पाण्याचं. माझ्या टबात काही नव्हतं. ती रताळी मी विकत आणून पुरली होती.’

वायरमन खो खो हसला. ‘काय काटेवाले! आम्हाला युक्ती कळू नये म्हणून होय? असं कसं, आम्ही डोळ्यांनी बघितलं!’ मास्तरीणबाईही हसल्या. ‘तुम्ही आणि खोटं? कुणाला सांगताय!’

माझ्या दादासारखा माणूस मी पाहिला नाही. जन्मभर खरं बोलून एवढी पत कमावलीन, की आता खरं बोलतोय तर कुणी ऐकेना. तो तसाच उभा, घाम फुटलेला. मला रडू यायला लागलं आणि रागही. शेवटी त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले.

‘शेठ, तुम्ही सांगा यांना. तुम्ही मोडून बघितलंत. तुम्हाला माहीत आहे.’

दुकानदार साखर तोलत होता. तोलून झाली, पुडी बांधली, मास्तरीणबाईंच्या हातात दिली.

‘मी नाही सांगणार,’ तो म्हणाला. ‘चारचौघांत माणसाला उघडं पाडणं मला जमत नाही. तुमचं तुम्ही सांगितलंत, बस झालं.’

वायरमनचं हसू तोंडातच राहिलं. मास्तरीणबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि साखरेची पुडी उगाच पिशवीत खाली-वर केली. त्यांना पटलं होतं. सगळ्यांनाच पटलं होतं. आता दादाने वळून घरी यायला काय हरकत होती? जे सांगायला आला ते सांगून झालं होतं. पण तो हलला नाही.

‘शेठ,’ तो हळूच म्हणाला. इतका हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ‘तो गूळ... तो चुकून लागला होता का?’

दुकानदाराने मान वर केली. पहिल्यांदाच नीट दादाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

‘हे तेव्हा विचारायचं होतंत,’ तो म्हणाला. ‘माझी मुलगी इथेच होती. तांदळाच्या पोत्यावर बसून अभ्यास करायची ती. तुम्ही पारडं धरून उभे होतात आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, बाबा काय म्हणतो म्हणून. तेव्हा तुम्ही विचारलं असतंत तर मी उत्तर दिलं असतं, तिने ऐकलं असतं. त्यानंतर ती दुकानात बसायला आली नाही. आता तुम्हाला सांगून मी काय करू?’

ती पोर मला आठवली. मीच तिचे फ्रॉक शिवायची. त्यानंतर ती मागच्या दाराने ये-जा करायला लागली होती, आणि मी एवढी शहाणी, मला कधी प्रश्न पडला नाही की का.

मागे गिऱ्हाइकं वाढत होती. दुकानदाराने दादाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

‘बोला ताई, काय देऊ?’

‘एक किलो तांदूळ,’ माझ्या मागची बाई म्हणाली. ‘जरा सरकता का, काटेवाले?’

दादा सरकला.